नदीचे जुने दप्तर

चांदवडच्या डोंगरावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. उत्तर उतारावरचे पाणी गिरणेला मिळून तापीवाटे अरबी समुद्राकडे जाते; दक्षिण उतारावरचे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. शाळेत नकाशा टांगून हे जलविभाजक शिकविताना मुलांना जी गंमत वाटत असे, ती आम्हांस आजही वाटते. तथापि ज्या तालुक्यास उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे उभे राहून महापुराची चर्चा करणे ही कोणास थट्टा वाटण्याचा संभव आहे. ती थट्टा नव्हे. आमच्या नद्यांचा स्वभावच असा आहे की, वैशाखात जिच्या पात्रातून पाऊल न भिजता पलीकडे जावे, तीच भाद्रपदात घरेदारे धुऊन नेते.

पुराविषयीची आमची स्मृती मात्र फार तोकडी आहे. नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीच्या अंगावर: गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. मारुती बुडाला की नजर वळते नारोशंकराच्या घंटेकडे. हे माप कोणाही अभियंत्याने हसण्यावारी नेऊ नये. अचल वस्तूवरील खूण हाच पूरमापनाचा पाया होय. १९६९ चा पूर वृद्धांच्या तोंडी आहे, २००८ व २०१९ चे तरुणांच्या. त्यापूर्वीचे काय? आग्रा रस्त्याने चांदवडहून उत्तरेस गेले की धुळे लागते. १८७२ साली पांझरेच्या पुराने त्या शहराची मोठी हानी केल्याची नोंद इंग्रजी गॅझेटियरात आहे. परंतु आज धुळ्यात ते साल किती जणांस ठाऊक असेल? त्याहून मागे जावयाचे तर वसुलीचे कागद चाळले पाहिजेत. नदीने जमीन खरवडून नेली की सारा सोडावा लागे, आणि सारा सोडताना कोणतेही सरकार कारण लिहून ठेवल्याविना राहत नाही. मात्र कागद तेथेच बोलतात, जेथे वस्ती होती आणि लिहिणारा होता.

जेथे कागद संपतो, तेथे गाळ बोलू लागतो. पुराचे पाणी खडकाळ घळीतून धावताना वाटेतील उपनदीच्या मुखात वा कपारीत शिरते, तेथे त्याचा वेग मंदावतो आणि अंगावरची बारीक वाळू व माती खाली बसते. पूर ओसरतो, थर उरतो. पुढचा तितकाच मोठा पूर त्यावर दुसरा थर चढवितो. थरात सापडलेल्या कोळशाच्या किरणोत्सारी कर्बावरून, किंवा वाळूच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पाहिला यावरून, त्याचे वय ठरते. पाणी निदान त्या उंचीपर्यंत चढले होते, हे तर थराची जागाच सांगते. आणि घळीचे खडक शतकानुशतके फारसे झिजत नसल्याने त्या उंचीवरून पाण्याचा लोंढा किती असावा याचे गणित मांडता येते. पात्र जेथे स्वतःच कूस बदलते, त्या मऊ मातीच्या काठावर हे गणित फसते, हेही सांगितले पाहिजे.

ही कल्पनेची भरारी नव्हे. पुणे विद्यापीठाचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी व्हिक्टर बेकर, लिसा इली, येहुदा एन्झेल यांच्यासह नर्मदा व तापी यांच्या घळयांत हेच काम केले. चांदवडला रंगमहाल ठेवून गेलेल्या अहल्याबाईंची राजधानी महेश्वर ज्या नर्मदेच्या तीरावर आहे, तिच्या गाळातून सुमारे १७०० वर्षांच्या महापुरांचा लेखा त्यांनी १९९६ साली मांडला. त्या अभ्यासांतून निघालेली एक गोष्ट आमच्या नियोजकांनी ध्यानी घ्यावी: मोठे पूर सारख्या अंतराने येत नाहीत. काही शतकांत त्यांची गर्दी होते, काही शतके जवळजवळ सुनी जातात.

आता आपल्या पूररेषा पाहा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. काही दशकांच्या मोजणीवरून शतकाचा अंदाज बांधावयाचा, आणि ती दशके सुन्या काळातील निघाली तर लाल रेषेबाहेर घर बांधणाऱ्या मध्यमवर्गीयाने कर्ज कोणाच्या भरवशावर काढले म्हणावयाचे? धरणे झाली, आता भय कसले, असे म्हणणाऱ्यांनी २००६ चे सुरत आठवावे. उकाईचे धरण वर उभे असतानाच ते बुडाले.

म्हणून आमची मागणी आहे की, गिरणा, मोसम, कादवा व गोदावरी यांच्या खडकाळ टप्प्यांतील जुन्या गाळाचे सर्वेक्षण व्हावे आणि पूररेषा पुन्हा आखताना त्याचे निष्कर्ष गणितात धरावेत. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. वाळू उपसणारे आणि वीटभट्टीसाठी काठ कोरणारे रोज या दप्तराची पाने ट्रॅक्टरमध्ये भरून नेत आहेत. घाट सुशोभित करणारे उरलेल्या खुणांवर फरशी बसवीत आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी वाळूचे लिलाव काढण्यापूर्वी त्या जागा एखाद्या भूशास्त्रज्ञाकडून पाहून घ्याव्यात, आणि नगरपालिकांनी पुराच्या खुणा असलेल्या भिंतींना रंग देण्यापूर्वी त्यांची उंची मोजून, साल घालून, नोंदवून ठेवावी.