मले, तुले आणि तुमचं हसू

शनिवार सकाळ. बायको मुलाला घेऊन पोहायला गेली आहे, म्हणजे दीड तास फक्त माझा. आज खरं तर 'माझे दहा आवडते गेम्स' असं काहीतरी लिहायचा बेत होता. ते पुढच्या वेळी. आज जरा भांडायचंय.

आधीच कबूल करतो, मी विनोदी कार्यक्रमांचा शत्रू वगैरे नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'साठी आम्ही जेवणाची वेळ बदलायचो. 'फू बाई फू', 'चला हवा येऊ द्या', 'हास्यजत्रा' सगळं आवडीने पाहिलंय. गेम्सचं तर विचारूच नका. कॅसेटवाल्या काँट्रापासून आजपर्यंत अंगठे झिजवलेत. तेव्हा पुढची चिडचिड ही चाहत्याची चिडचिड आहे. ज्याला टीव्हीच आवडत नाही त्याने हे वाचून टाळ्या वाजवू नयेत.

मुद्दा असा. मी बुलडाणा जिल्ह्यातला. खामगावकडचा. आमच्याकडे 'मला' नाही, 'मले' म्हणतात. 'का' नाही, 'काऊन'. आणि मराठी विनोदी कार्यक्रमांतलं असंख्य वेळा पाहिलेलं दृश्य हे: एक पात्र स्टेजवर येतं, डोक्याला गमछा, पायजमा जरा वर, आणि म्हणतं, "काऊन बे?" बस. प्रेक्षक खो खो. अजून विनोद झालेलाच नाहीये! पात्राने फक्त 'का रे' असं विचारलंय. माझी आई हे दिवसातून वीसदा विचारते आणि घरात कोणी हसत नाही.

प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर यांच्या लेखकांनी एक ओळ हार्डकोड करून ठेवली आहे: वऱ्हाडी आली की हशा. पुढचं लिहायची गरजच उरत नाही. ड्रायव्हर वऱ्हाडी, वॉचमन वऱ्हाडी, गावाकडून आलेला बावळट पाहुणा वऱ्हाडी. डॉक्टर, इंजिनियर, नायिकेचा नवरा मात्र 'प्रमाण'. जणू काही अकोला-बुलडाण्यात पोरगं बारावी पास झालं की त्याची जीभ आपोआप पुण्याची होते.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "अरे गंमत आहे, एवढं काय मनाला लावून घेतोस?" ठीक. मग एक साधी चाचणी करू. ते स्किट घ्या आणि सगळे संवाद प्रमाण मराठीत लिहून काढा. थोडा रस उडेल, मान्य. बोलीची लय वेगळीच असते. पण सगळाच हशा उडाला तर समजा की तिथे विनोद नव्हताच, नुसती एका भागातल्या लोकांच्या उच्चाराची नक्कल होती. नकला शाळेच्या गॅदरिंगमध्ये ठीक असतात. प्राइम टाइमला जरा जास्त मेहनत करा की राव.

आणि मेहनत केली की काय होतं याचे दाखले आपल्याकडेच आहेत. 'वस्त्रहरण' घ्या. गवाणकरांचं लेखन, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच, १९८० पासून पाच हजारांवर प्रयोग. त्यात मालवणी बोलतो म्हणून कोणी विदूषक ठरत नाही, कारण सगळं गावच मालवणी बोलतं. गंमत आहे ती गावाने महाभारत बसवायला घेतल्याची आणि ते वेड्यासारखं फिसकटत जाण्याची. किंवा आमच्या शेजारच्या अमरावतीचे भारत गणेशपुरे घ्या. हा माणूस हसतो कारण तो अजिबात हसवायचा प्रयत्न करत नाही. जगबुडी झाली तरी आवाजाची पट्टी बदलायची नाही, हा खास वऱ्हाडी थंडपणा आहे. उन्हाळ्यात ४५ डिग्रीत राहणारा माणूस उगाच उत्तेजित होत नाही :) तो थंडपणा त्यांनी पकडला. बाकीच्यांनी फक्त 'मले-तुले' पकडलं.

सगळ्यात वाईट वाटलं ते कराळे मास्तरांच्या वेळी. वर्ध्याचा माणूस, करोनाच्या काळात स्पर्धा परीक्षांचे धडे वऱ्हाडीत शिकवत होता. शिकवत होता! आणि माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर ते व्हिडिओ 'लोल' म्हणून फिरत होते. मास्तर विनोदी बोलतात हे खरंच, पण पोरं तिथे अभ्यासाला आली होती. एखाद्याने 'मले' म्हणून इतिहास शिकवला तर तो इतिहास राहत नाही का?

आणि हो, मराठी किती जुनी हा विषय निघाला की सगळे लीळाचरित्राचं नाव छातीठोकपणे घेतात. ते तेराव्या शतकात रिद्धपूरला लिहिलं गेलं. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. म्हणजे मिरवायला वऱ्हाड आणि हसायलाही वऱ्हाडच!

आता गेम्स. तेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. २००२ च्या 'व्हाइस सिटी'त हैतीच्या लोकांची टोळी आहे. त्यातल्या संवादांवरून अमेरिकेतल्या हैतीयन लोकांनी निदर्शनं केली आणि २००३ च्या शेवटी कंपनीने ते शब्द काढायचं कबूल केलं. पण दुसरीकडे 'विचर ३' पाहा, २०१५ चा. पोलंडच्या लोकांनी बनवलेला. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत स्केलिगे बेटांवरचे लोक आयरिश धाटणीत बोलतात. त्याच उच्चारात ते सूडाची भाषा करतात, मेलेल्यांसाठी रडतात, नवा राजा निवडतात. त्यांचं बोलणं ऐकून हसू येत नाही, बेट डोळ्यांसमोर उभं राहतं. उच्चार म्हणजे पत्ता, एवढंच. पत्त्याला कोण हसतं?

हे सगळं आज का आठवलं ते सांगतो. दिवाळीत बाबा आमच्याकडे आले होते. माझ्या बायकोने चहा विचारला. बाबा म्हणाले, "मले नोको, आत्ताच पेलो ना." माझा नऊ वर्षांचा मुलगा सोफ्यावरून खाली पडेपर्यंत हसला. "आबा, परत म्हणा ना! टीव्हीतल्यासारखं!" बाबांनी परत म्हटलं. नातू हसतोय म्हणून तेही हसले. त्या दिवशी पाच-सहा वेळा तरी म्हणून दाखवलं असेल.

तिसऱ्या दिवशी बाबा चहा नाकारताना म्हणाले, "मला नको."

सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर शेती केली, कोणासमोर मान खाली घातली नाही, तो स्वतःच्या मुलाच्या घरात जपून बोलायला लागला. पोराची काय चूक? त्याने ती भाषा फक्त हशासोबतच ऐकली होती. आणि मी त्याच्यासमोर कधी 'मले' म्हटलं होतं? पुण्यात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी ते गिळून टाकलं. तेव्हा या भांडणात आरोपीच्या पिंजऱ्यात मीही आहे, हेवेसांनल.

परवा रात्री मात्र एक गंमत झाली. मी खामगावचा पुतण्या आणि त्याच्या मित्रांबरोबर 'बीजीएमआय' खेळत होतो. हेडफोन काढून स्पीकरवर टाकला होता. आणि आवाज येत होते, "काका, मांगं पाहा, मांगं!" "झाडामांगं दोन जन हायेत." "थांबजो बे, मी येऊन राह्यलो." मुलगा बाजूला बसून डोळे फाडून ऐकत होता. एकदाही हसला नाही. हसायला वेळच नव्हता, 'मांगं' म्हणजे काय हे कळलं नाही तर काका मरणार होते! पाच मिनिटांनी तोच ओरडला, "बाबा, मांगं!"

टीव्हीवाल्यांना जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते खामगावच्या चार पोट्ट्यांनी एका मॅचमध्ये केलं. भाषेला काम दिलं. भाषा कामात असली की कोणी तिला हसत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. वऱ्हाडी पात्राला काम द्या. त्याला घटस्फोट घेऊ द्या, गुन्हा शोधू द्या, हुशार असू द्या, मग हवं तर खुशाल विनोदीही असू द्या. गेमवाल्यांनो, तुम्हीही ऐका. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, त्यात विष्णू आणि दुर्गा गोष्ट सांगतात. आमच्या लोणारला जवळपास दोन किलोमीटर रुंदीचं उल्कापाताचं विवर आहे, काठावरच्या गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे, आणि विष्णूने लवणासुराला मारल्याची कथा आहे. लेव्हल आयती तयार आहे! फक्त तिथला म्हातारा पुजारी वाट दाखवताना 'इकून जाजो' म्हणाला पाहिजे. आणि खेळणाऱ्याने हसत बसायचं नाही, मुकाट्याने इकून जायचं.

असो. पोहणारी मंडळी आली.

ता. क. : बाबांना आत्ता फोन केला. म्हटलं, "बाबा, जेवले का? मले सांगजा, कधी येता ते." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "काऊन बे, तब्येत बरी हाये ना तुई?"