‘दोन-तीनच’ सिगारेटींचा हिशेब

‘आता फार नाही डॉक्टर, दिवसाला दोन-तीनच.’ मुंबई-पुण्यातल्या दवाखान्यांत हे उत्तर नेहमीचं आहे. आकडा केसपेपरवर चढतो आणि तपासणी पुढे सरकते. पण त्यामागची समजूत, म्हणजे कमी केली की धोका टळला, ही कुठेच नोंदली जात नाही. धूम्रपानाच्या शहरी पाहण्यांनी आता या समजुतीचंच माप घ्यायला हवं.

कारण ती चुकीची आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे ॲलन हॅकशॉ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १४१ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. दिवसाला २० सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषाला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो, असं त्यांना आढळलं. बायकांमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास. सिगारेटी २० वरून एकवर आणणाऱ्याचा हिशेब मात्र साधा असतो: धोकाही विसाव्या हिश्श्यावर आला!

फुप्फुसाच्या कर्करोगात थोडा दिलासा आहे. दिवसाला १५ किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांनी त्या निम्म्या केल्या, तर हा धोका २७ टक्क्यांनी घटतो, असं कोपनहेगनच्या २००५ मधल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे सिगारेटी निम्म्या, धोका मात्र पाऊणच्या आसपास.

असं का होतं, याचं एक उत्तर १९८६ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत मिळालं होतं. नील बेनोविट्झ यांच्या प्रयोगात सरासरी ३७ सिगारेटी ओढणाऱ्यांना दिवसाला फक्त पाच दिल्या, तेव्हा प्रत्येक सिगारेटमधून ते जवळजवळ तिप्पट निकोटिन ओढू लागले. सिगारेटी कमी झाल्या की झुरके खोल जाऊ शकतात.

आपल्या शहरांत तर आकडाच भरवशाचा नाही. टपरीला दोरीने टांगलेला लायटर, एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात सुटी सिगारेट, तीही निम्मी झाली की मित्राकडे. तिघांनी मिळून ओढलेल्या दोन सिगारेटी कोणाच्या नावावर धरायच्या? पाकीट खिशात असलं तर निदान संध्याकाळी उरलेल्या मोजता येतात. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली, तरी टपरीवर ती सर्रास मिळते. ही बंदी कागदावर राहणं अक्षम्य आहे.

म्हणून ‘किती ओढता?’ याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न हवेत. दिवसाला दोन सिगारेटींनी हृदयाला किती धोका असतो, असं तुम्हाला वाटतं? आणि कमी केल्यापासून झुरका जास्त खोल जातो का? सोबत श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजावा. काही सेकंद श्वास रोखून नळीत फुंकलं की छोट्या यंत्रावर आकडा उमटतो. स्वतःचा आकडा पाहिलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं. बायकांना हे प्रश्न घरच्यांसमोर विचारू नयेत, खरं उत्तर मिळणार नाही.

कमी करणाऱ्याला कोणी हिणवू नये. त्याने प्रयत्न केलेला असतो, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत कमी करत जाऊन पूर्ण सोडणारेही असतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ६९७ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. चार आठवड्यांनंतर, एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के सिगारेटपासून दूर होते. आधी हळूहळू कमी करत नेणाऱ्यांपैकी ३९. दोन्ही गटांना तारीख होती, सल्ला होता, औषधाची मदत होती. ‘दोन-तीनच’वर वर्षानुवर्षं थांबलेल्याकडे यातलं काहीच नसतं.

भारतात २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ५५ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा बेत किंवा विचार असल्याचं सांगितलं होतं. त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक २०१८ पासून पाकिटावर छापला जातो. सुटी सिगारेट घेणाऱ्याला तो दिसतच नाही. महापालिकांनी तो टपऱ्यांजवळ, रिक्षा स्टँडवर, कंपन्यांच्या गेटबाहेर ठळक अक्षरांत लावावा.