गधेगाळ जागेवरच वाचवा

मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन यांस,


आमच्या गावच्या शिवेवर चिंचेखाली कमरेएवढी एक शिळा उभी आहे. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई, मधे काही ओळींचा लेख. दिवसा बोट फिरवलं तर नुसता खडबडीत दगड लागतो. अंधार पडल्यावर बॅटरी एका कडेनं अगदी आडवी धरली, की वेलांट्यांच्या सावल्या पडतात आणि दोन ओळी उठून दिसतात. बाकीचा मजकूर शेंदराच्या थराखाली आहे. तो शेंदूर श्रद्धेनं लावलेला आहे, लावणाऱ्यांवर माझा राग नाही.

या शिळेला आम्ही गधेगाळ म्हणतो. दिलेली जमीन चंद्र-सूर्य असेतो चालावी, आणि ती हिरावणाऱ्याच्या आईला गाढवाची शिवी, असा तिचा अर्थ. शिलाहार राजांच्या काळापासून कोकणात अशा शिळा उभ्या राहिल्या. राजाची बिरुदं संस्कृतात असली तरी शाप बऱ्याचदा मराठीत यायचा, कारण तो गावाला कळायला हवा होता. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी खाली चित्र होतंच. अलिबागजवळच्या आक्षीचा लेखही अशाच शिळेवर आहे. शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके 934, म्हणजे इ.स. 1012 असा वाचला. त्या वाचनावर आजही मतभेद आहेत. अक्षर झिजलं की वाद मिटवायला पुरावाच उरत नाही.

शेजारच्या गावात रस्तारुंदीच्या कामात जेसीबीनं अशीच एक शिळा उपटली. ती मोरीच्या भरावात गेली असं लोक सांगतात. तिचा फोटोही कुणाकडे नाही.

साहेब, शिळा उचलून संग्रहालयात नेणं हा शेवटचा उपाय असू द्या. हद्दीचा दगड हद्दीवरून हलला की दान दिलेली जमीन कुठली, हे सांगणारं काही राहत नाही. तालुकावार नोंद करा. तलाठ्याकडच्या गावनकाशावर प्रत्येक शिळेची खूण करा, म्हणजे रस्त्याची आखणी करणाऱ्याला ती आधीच दिसेल. आणि ठसे घ्या. ओला कागद शिळेवर बसवायचा, ब्रशनं ठोकून अक्षरांच्या खाचांत दाबायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा. अक्षरं पांढरी उमटतात. याला मोठा निधी लागत नाही, जाणता माणूस लागतो.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आम्ही गावात पेढे वाटले. त्याच मराठीच्या जुन्या ओळी आमच्या शिवेवर उन्हापावसात उभ्या आहेत.

पावसाआधी ठसा घेणारा माणूस पाठवा. शेंदराबद्दल गावाशी आम्ही बोलतो. पाणी, कागद सुकेपर्यंतची राखण आणि त्या माणसाचं जेवणखाण आमच्याकडे.

आपला नम्र,
रायगड जिल्ह्यातील एक गावकरी