खेळोपचारकांची नोंदणी कोणाच्या हिताची?

ज्या मुलाला आपले दुःख शब्दांत सांगता येत नाही, ते बाहुल्या, वाळू आणि माती यांच्या आधाराने सांगते. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी या उपचारपद्धतीवर १९४७ साली ग्रंथ लिहिला. आज आपल्या शहरांतूनही ‘प्ले थेरपी’च्या पाट्या झळकत आहेत. पाटी लावणारा किती शिकला, कोणाच्या देखरेखीखाली शिकला, हे विचारणारी यंत्रणा मात्र नाही.

१९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. (हजार रुपयांना कोण भिणार, हा प्रश्न वेगळा!) परंतु त्या कायद्याने गणलेल्या व्यावसायिकांत खेळोपचारक नाही. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने कला व नृत्य यांद्वारे उपचार करणाऱ्यांची दखल घेतली. खेळोपचारकाचे नाव तेथेही नाही.

नोंदणी म्हटली की आपल्यातील काही मित्रांना मक्तेदारीचा वास येतो. हा संशय निराधार नाही. भरमसाट शुल्काचे अभ्यासक्रम आणि त्यांच्याच पदवीधरांची परिषद, असा व्यापार या देशाने पुष्कळ पाहिला आहे. परंतु नोंदणी नाकारल्याने गरिबाचे काय भले होते? सधन पालक चौकशी करून, दोन ठिकाणी विचारून निवड करतो. फसतो तो ज्याला विचारायला कोणी नाही तो. आणि उपचाराच्या बंद खोलीत अपाय झाला, तर चार वर्षांचे मूल तक्रार कोठे नोंदवणार?

खासगी संघटनांच्या ऐच्छिक नोंदवह्यांवर विसंबावे, हा सल्लाही कुचकामी आहे. ब्रिटनमध्ये तसे घडते. तेथे कलोपचारक व संगीतोपचारक या पदनामांना कायद्याचे संरक्षण आहे, खेळोपचारकाला नाही. म्हणून नोंदवहीतून काढलेला इसमही तीच पाटी पुन्हा लावू शकतो.

तेव्हा नोंदणी कायद्याने व्हावी, तिचे शुल्क नाममात्र असावे, आणि तिच्यासोबत सरकारी पदे निर्माण व्हावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कोसबाड त्याच परिसरात आहे. त्या कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रांत खेळोपचारकाचे पद हवे, तेही पूर्ण वेतनाचे. अंगणवाडी सेविकांना १९७५ पासून ‘मानधना’वर राबवणाऱ्या शासनाने या नव्या सेवकांनाही ‘मानसेवी’ ठरवण्याची युक्ती योजू नये.

जिल्ह्याजिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न आपल्या आमदारांकडे लेखी मांडावा आणि लेखी उत्तर मागावे.