लाकडात कोरलेली साक्ष

जुन्या छापील कागदांच्या या सदरात आज एका इंग्रजी पत्राचा परामर्श घ्यावयाचा आहे. कारण सत्तावनच्या बंडाची जी चित्रे आपल्या पुस्तकांतून आजही फिरतात, त्यांतील कित्येकांचे कूळ 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'पाशी जाऊन पोहोचते.

सचित्र अंक अधिक खपतो हे नॉटिंगहॅमच्या दुकानात हेरलेल्या हर्बर्ट इन्ग्रॅम या वृत्तपत्रविक्रेत्याने १४ मे १८४२ रोजी हे साप्ताहिक काढले. पृष्ठे १६, चित्रे ३२, किंमत सहा पेन्स. पहिल्याच अंकात हॅम्बुर्गच्या अग्निप्रलयाचे चित्र झळकले. परंतु तेथे चित्रकार धाडण्यास सवड कोठली? ब्रिटिश म्युझियममधून त्या शहराचे एक जुने चित्र मिळवून त्यावर ज्वाळा, धूर आणि बघ्यांची गर्दी चढवण्यात आली, इतकेच.

चित्रे कोरली जात ती बॉक्सवूडच्या आडव्या छेदावर. या झाडाचे खोड बारीक असल्यामुळे लहान ठोकळे जोडून मोठा पृष्ठभाग साधावा लागे, आणि रेखाटन उतरले की घाईच्या वेळी तेच ठोकळे सुटे करून एकाने आकाश, दुसऱ्याने गर्दी, तिसऱ्याने इमारत अशी कोरून काढावी व अखेरीस मुख्य कारागिराने सांध्यावरच्या रेषा जुळवून द्याव्यात, असा रिवाज होता. जुन्या अंकातील एखाद्या चित्रात केसाएवढी पांढरी रेघ दिसते, ती या सांध्याची. ही कारागिरी निःसंशय अव्वल दर्जाची. तिला साक्ष मानताना मात्र हात आखडता घ्यावा.

१८५७ च्या सप्टेंबरात या पत्राने नानासाहेब पेशव्यांचे म्हणून एक व्यक्तिचित्र छापले. कानपूरच्या वार्तांनी खवळलेल्या इंग्रज वाचकाला शत्रूचा चेहरा हवा होता, तो त्यास मिळाला. पुढे हकीकत बाहेर आली ती अशी की, हा चेहरा मेरठच्या एका सावकाराचा! ज्या पेशव्यांना पकडण्यासाठी सरकारने लाख रुपयांच्या इनामाचा जाहीरनामा काढला, त्यांचा हुलिया विलायतेत घरोघर पोहोचला, तो परक्याचा. नानासाहेब नेपाळच्या तराईकडे निसटले आणि हाती लागले नाहीत, यात या चित्राचा वाटा किती हा प्रश्न गमतीचाच. तरी तो विचारण्याचा मोह आवरत नाही.

मराठी प्रकाशकांना एवढीच विनंती की, अशी चित्रे छापताना मूळ पत्राचे नाव, अंकाची तारीख आणि चित्र कोरल्याचे ठिकाण, हा मजकूर चित्राखाली न विसरता द्यावा.