एंटरप्राइझची डावी बाजू

थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा. विषय एका काल्पनिक अवकाशयानाचा आहे. प्रश्न मात्र इतिहासाचाच आहे.

२०१६ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाने आपल्या मुख्य दालनात एक नवी काचपेटी मांडली. चार्ल्स लिंडबर्गने १९२७ साली ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, ते विमान याच दालनात. अपोलो मोहिमांसाठी बांधलेले एक चांद्रयानही इथेच. काचपेटीत मात्र कधीही न उडालेले, लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा यांचे एक यान होते : 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेतील एंटरप्राइझ. चित्रीकरणासाठी वापरलेली ही प्रतिकृती ११ फुटांहून थोडी अधिक लांब आहे. उजवीकडून पाहिली तर खिडक्या, अक्षरे, दिवे, सारे जिथल्या तिथे. डावीकडे वळसा घातला की खिडक्या संपतात, अक्षरे संपतात आणि तारा आत शिरल्याच्या खुणा दिसू लागतात.

माझे मत आरंभीच सांगतो. इतिहासाचे साधन म्हणून या यानाची ही ओबडधोबड डावी बाजू सजलेल्या उजव्या बाजूपेक्षा अधिक मोलाची आहे.

कारण समजून घेण्यासाठी १९६४ मध्ये जावे लागेल. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या पहिल्या लेखी आराखड्यात यानाचे नाव एंटरप्राइझ नव्हतेच, यॉर्कटाऊन होते. दोन्ही नावे अमेरिकी आरमाराच्या विमानवाहू नौकांची. यॉर्कटाऊन १९४२ साली मिडवेच्या लढाईत बुडाली, एंटरप्राइझ महायुद्धातून तगली. शिवाय १९६१ पासून त्याच नावाची अणुशक्तीवर चालणारी नवी नौका आरमारात दाखल झाली होती.

यानाचा आकार ठरवण्याचे काम कला-दिग्दर्शक मॅट जेफरीज यांच्याकडे आले. जेफरीज स्वतः वैमानिक. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांतून उडालेले. रॉडनबेरींनी त्यांना काय नको तेवढे सांगितले : पंख नकोत, अग्निबाण नकोत, मागे ज्वाळा नकोत. पुढचा विचार जेफरीज यांचा. इतकी प्रचंड शक्ती निर्माण करणारी इंजिने माणसांपासून दूर असावीत, म्हणून ती दोन लांब नळकांड्यांत, खांबांवर बाजूला नेलेली. पुढचा भाग आधी गोल होता, तो चपटा होत तबकडी झाला. यानाचा पृष्ठभाग गुळगुळीत, कारण दुरुस्ती करणाऱ्याला बाहेरच्या पोकळीत जावे लागू नये. यंत्रे आत असावीत. विमानाच्या पोटाशी काम केलेल्या माणसालाच असे सुचते. अंगभर नळ्या आणि पेट्या चिकटवलेली जी याने पुढे पडद्यावर आली, त्यांच्यापेक्षा ही रचना मला अधिक विचारी वाटते. अर्थात हा आवडीचा भाग झाला.

एक गंमत इथेच सांगायला हवी. जेफरीज यांनी दाखवायला नेलेल्या छोट्या प्रतिकृतीत इंजिनांचे लाकूड बाकीच्या लाकडापेक्षा जड होते. दोरीला लटकवताच ती उलटी झाली, आणि रॉडनबेरींना ती उलटीच आवडली! त्यांचे मन वळवताना जेफरीज यांना बरेच बोलावे लागले.

मोठी प्रतिकृती १९६४ च्या अखेरीस तयार झाली. तेव्हा तिच्यात दिवे नव्हते. मालिकेला मान्यता मिळाल्यावर खिडक्यांत आणि इंजिनांच्या टोकांशी दिवे बसवले गेले. दिव्यांना वीज हवी, विजेला तारा हव्यात, आणि तारा कुठून तरी आत न्यायला हव्यात. त्या डावीकडून नेल्या. त्यामुळे कॅमेरा कायम उजवीकडे राहिला. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूवर रंगाचा आणि वेळेचा खर्च कोण करणार? यान उलट दिशेने जाताना दाखवायचेच असेल, तर उजव्या बाजूवर आरशातल्यासारखी उलटी अक्षरे चिकटवायची आणि चित्रफीत फिरवून घ्यायची.

यानातून माणसे क्षणात ग्रहावर पोहोचवणारे ते प्रसिद्ध यंत्रही असेच जन्मले. दर आठवड्याला एवढे यान ग्रहावर उतरवून दाखवणे खिशाला परवडणारे नव्हते. भविष्यातील तंत्रज्ञानाचे एक अजरामर प्रतीक अंदाजपत्रकाच्या रकान्यातून आले.

आता दुसरा थर पाहू. मालिका १९६६ ते १९६९ एवढीच चालली. पण पुनःप्रक्षेपणांतून तिचा चाहतावर्ग वाढत गेला. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती दाखवली गेली. चाहत्यांनी यानाचे नकाशे काढले, पुस्तिका रचल्या, आणि प्रत्येक विसंगतीला कारण शोधले.

यानाच्या नियंत्रण-कक्षाचेच पाहा. बाहेरून पाहिले तर तबकडीच्या माथ्यावरील घुमटामागे, अगदी मध्यरेषेवर, एक छोटा उंचवटा आहे. तो उद्वाहकाचा मार्ग असणार, असे सर्वांनी धरले. पण आतल्या दृश्यात उद्वाहकाचे दार कप्तानाच्या बरोबर मागे नाही. ते मागे डाव्या हाताला आहे. मग मेळ कसा बसवायचा? १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशांत सगळा कक्षच सुमारे ३६ अंशांनी फिरवला गेला. म्हणजे यान जिकडे निघाले आहे, तिकडे कप्तानाचे तोंडच नाही! यावर आजतागायत वाद चालू आहेत. चित्रीकरणाच्या बाजूने पाहिले तर मामला सरळ आहे. दार खुर्चीच्या थेट मागे असते, तर आत येणारे प्रत्येक पात्र कप्तानाच्या डोक्याआड गेले असते.

यानाच्या क्रमांकाचेही तसेच. एनसीसी-१७०१. ही अक्षरे म्हणजे नौदलाच्या बांधणी-कंत्राटाची आद्याक्षरे, असा खुलासा पुढे रूढ झाला. जेफरीज यांचे सांगणे निराळे : अमेरिकी नागरी विमानांच्या नोंदणीत 'एनसी' ही अक्षरे असत, त्याला आणखी एक 'सी' जोडला, आणि त्यामागे सोव्हिएत नोंदणीचा विचार होता. आकडे निवडताना ३, ६, ८ आणि ९ टाळले, कारण पडद्यावर दुरून ते एकमेकांसारखे दिसतात. आणखी एक लोकप्रिय कथा आहे. जेफरीज यांच्या मालकीच्या वाको विमानाचा नोंदणी क्रमांक एनसी-१७७४०. तेव्हा १७०१ तिथूनच आला असणार. साम्य मोहक आहे खरे. पण आकडे जुळले एवढ्यावर कार्यकारण सिद्ध होत नाही. ज्याने क्रमांक दिला, त्याच्या स्वतःच्या खुलाशाला माझ्या लेखी अधिक वजन आहे.

इतिहासप्रेमी वाचकांना हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे समकालीन पत्रे आहेत आणि नंतर लिहिल्या गेलेल्या बखरीही आहेत. चाहत्यांच्या पुस्तिका या एंटरप्राइझच्या बखरी. त्या टाकाऊ नाहीत. १९७५ चा वाचक यानाकडे कसा पाहत होता, याचा त्या उत्तम पुरावा आहेत. मात्र १९६४ साली काय घडले, हे विचारायला त्यांच्याकडे जाऊ नये. समाजमाध्यमांवरील इतिहासलेखनात नेमकी हीच गल्लत होते. जुन्या वास्तूत एखादी विचित्र भिंत दिसली, की तिच्यामागे थोर योजना होती असे आपण गृहीत धरतो. दगड संपला असेल, पैसा आटला असेल, गवंडी बदलला असेल, हे कुणी लिहीत नाही. लिहिले तर त्यात पूर्वजांचा अपमान दिसतो. मला तो दिसत नाही. अडचणीत सापडलेल्या माणसाने काढलेली वाट ही त्याच्या बुद्धीची खूण असते, आणि ती नोंदवणे हेच आपले काम.

आता पुन्हा काचपेटीकडे. प्रतिकृती १९७४ साली संग्रहालयाला भेट मिळाली. मधल्या काळात तिची अनेकदा डागडुजी झाली. १९९१ च्या सुमारास तिच्यावर ठळक रेषांचे जाळे रंगवले गेले. अनेक चाहत्यांना ते मुळीच रुचले नाही. नंतर कित्येक वर्षे ती संग्रहालयाच्या विक्रीदालनात, स्मरणवस्तूंच्या गर्दीत उभी होती. २०१४ मध्ये नव्याने काम हाती घेतले, तेव्हा प्रश्न पडला : मूळ रूप म्हणजे कोणते? १९६४ चे, दिव्यांविना? की नंतरचे?

संग्रहालयाने ऑगस्ट १९६७ हा मुक्काम निवडला, कारण चित्रीकरणाच्या काळात तिच्यात झालेला शेवटचा ज्ञात बदल तेव्हाचा. लोकांकडून जुनी छायाचित्रे मागवली गेली. तबकडीच्या वरच्या भागावर मूळ रंग टिकून होता. त्यावरून बाकीच्या रंगाची छटा ठरवता आली. या निर्णयात १९९१ चा थर गेला, आणि तोही इतिहासच होता, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही मी निर्णयाच्या बाजूने आहे. गडकोटांच्या डागडुजीत 'मूळ वैभव' असा शब्द सैलपणे वापरला जातो. कोणत्या वर्षाचे वैभव, हे क्वचितच सांगितले जाते. इथे महिना आणि वर्ष सांगितले आहे. त्यामुळे ज्याला निर्णय चुकला असे वाटते, त्याला नेमका वाद तरी घालता येतो.

डाव्या बाजूला खिडक्या रंगवून यान 'पूर्ण' करणे सहज शक्य होते. ते केले गेले नाही. तारांची वाट अजून तिथे दिसते.