कायमचा प्रश्न व हंगामी अध्यापक

वंशभेद व राज्यकारभार यांचा परस्परसंबंध शिकविण्यासाठी अधिव्याख्याता पाहिजे, अशा आशयाच्या जाहिराती अमेरिकेतील विद्यापीठे गेली काही दशके देत आली आहेत. जाहिरातीच्या आरंभी विषयाचा गौरव असतो, मध्ये समतेविषयी दोन गोड शब्द असतात, आणि नेमणूक किती दिवसांची हा खरा मजकूर शेवटी येतो. त्या देशात 'लेक्चरर' म्हणून घेतलेला मनुष्य बहुधा मुदतीच्या करारावर असतो. कायम होण्याची वाट 'असिस्टंट प्रोफेसर'पासून सुरू होते. तेव्हा प्रश्न तीनशे वर्षांचा आणि तो शिकविणारा एका सालाचा, असा हा व्यवहार आहे. तो आम्हांस पसंत नाही, व त्याची कारणे आमच्या वाचकांपुढे मांडणे अवश्य वाटते; कारण हे दुखणे केवळ सातासमुद्रापलीकडचे नाही.

कोणी म्हणतील की, कायदा रंग पाहत नसता कारभाराच्या अभ्यासात वंश कशाला आणावा? यास उत्तर त्या देशाच्या दप्तरातच आहे. १९३५ साली तेथे वृद्धापकाळच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात काळा-गोरा असा शब्द कोठेही नव्हता; फक्त शेतमजूर व घरकाम करणारे यांस वगळले होते. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय मजुरांचा फार मोठा भाग नेमक्या याच दोन धंद्यांत होता. त्यांस कायद्याच्या छायेखाली घ्यावयास १९५० च्या दुरुस्तीपर्यंत सुरुवात झाली नाही. त्याच सुमारास गृहकर्जासाठी सरकारी महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करविले आणि धोक्याचे म्हणून जे मोहल्ले तांबडे रंगविले, त्यांत कृष्णवर्णीयांचे बहुतेक सर्व मोहल्ले आले. जेथे पत नाही तेथे कर्ज नाही, कर्ज नाही तेथे घर नाही, आणि घर हेच तर सामान्य कुटुंबाचे भांडवल. पेढीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांस हे अधिक फोडून सांगावयास नको. घरांच्या बाबतीत असा भेद करण्यास १९६८ साली कायद्याने मनाई झाली. पण बापाजवळ जे साठले नाही ते मुलास वारशाने कोठून मिळणार? असले कायदे वाचून त्यांतील न लिहिलेला मजकूर दाखविणे हेच या अध्यापकाचे काम. ते करणारा मनुष्य विद्यापीठास हवा यात आम्हांस तिळमात्र संशय नाही.

मात्र तो कसा ठेवला जातो याचा पहिला दाखलाच उद्बोधक आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले आफ्रिकी-अमेरिकन गृहस्थ. ती त्यांस १८९५ साली मिळाली. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी करण्यास त्यांस बोलाविले. वेतन वर्षास ९०० डॉलर, हुद्दा समाजशास्त्रातील साहाय्यकाचा. शिकविण्यास विद्यार्थी नाहीत, आणि विद्यापीठाच्या सूचीत नावही नाही! शहरातील पुढाऱ्यांची समजूत अशी की, नगरकारभार नासला तो या वस्तीच्या दुर्गुणांमुळे. त्या समजुतीस आकड्यांचे शिक्कामोर्तब हवे होते. ड्यू बॉइस सपत्नीक त्या सातव्या वॉर्डातच जाऊन राहिले. सुमारे अडीच हजार घरांचे उंबरे त्यांनी स्वतः झिजविले, आणि १८९९ साली जो ग्रंथ दिला त्यात निदान अगदी निराळे निघाले: गुन्हा व दारिद्र्य ही लक्षणे आहेत, रोगाचे मूळ पाहावयाचे तर चांगल्या कामाचे दरवाजे या लोकांस कोणी बंद केले ते पाहा. ग्रंथ विद्यापीठाच्या नावाने निघाला, पण ग्रंथकर्त्यास तेथे जागा झाली नाही. ते अटलांटास गेले. त्याच विद्यापीठाने २०१२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एकोणपन्नास वर्षांनी, त्यांस सन्माननीय प्राध्यापक केले. मृतास खुर्ची देण्यास खर्च येत नाही.

दुसरा दाखला ॲलिसन डेव्हिस यांचा. दक्षिणेतील काळ्या-गोऱ्यांच्या भेदास 'जात' हेच नाव देऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली 'डीप साउथ' हा ग्रंथ सिद्ध केला. दुसऱ्याच वर्षी शिकागो विद्यापीठाने त्यांस अध्यापकवर्गात घेतले. परंतु आरंभीच्या वेतनाचा भार बाहेरच्या रोझेनवाल्ड फंडाने उचलला, तेव्हा कोठे हे जमले. दोन्ही ठिकाणी विद्येविषयी वाद नव्हता. आपल्या तिजोरीतून, आपला मनुष्य म्हणून, कायमचे ठेवावयाचे की नाही एवढाच वाद होता; आणि आज एका सालाचा करार पुढे करणारी विद्यापीठे तो वाद मिटवीत नाहीत, नुसता पुढे ढकलतात. करार संपण्याची तारीख ज्याच्या डोळ्यांपुढे आहे, तो आपल्याच विद्यापीठाने शेजारची वस्ती कशी विकत घेतली हे वर्गात कोणत्या बळावर सांगेल?

आता नेमावा कोण? या जागी कृष्णवर्णीयच असावा असा एक पक्ष आहे. नोकरीत वंश पाहू नये हा तेथील १९६४ चा कायदा १९७२ पासून विद्यापीठांच्या अध्यापकांसही लागू आहे. आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी कातडीचा रंग ही परीक्षा होऊ शकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु उमेदवाराने कोणाची दारे ठोठावली, कोणाचे कागद वाचले, हे अवश्य विचारावे. तसे विचारले म्हणजे दारे बंद असल्याचा अनुभव ज्यांस घरातूनच मिळाला आहे, त्यांची नावे यादीत आपोआप वर येतील. आणि निवडमंडळ वर्षानुवर्षे 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारून उठत असेल, तर अयोग्य कोण याची चौकशी मंडळापासून सुरू करावी.

हा शेरा आमच्या वाचकांस ओळखीचा वाटेल. आपल्याकडील राखीव अध्यापकपदांच्या दप्तरांत तो पुष्कळदा आढळतो. २०१८ च्या मार्चमध्ये तर विद्यापीठ अनुदान आयोगाने, न्यायालयाच्या निकालास अनुसरून, राखीव जागा मोजण्यास संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग धरावा असे फर्माविले. त्या बिंदुनामावलीत पहिली राखीव जागा चौथ्या क्रमांकावर येते. तेव्हा तीन अध्यापकांच्या विभागात राखीव जागा येणारच नाही! देशभर ओरड झाली, व २०१९ साली कायदा करून ही मोजणी केंद्रीय संस्थांपुरती पूर्ववत करावी लागली. त्याहूनही जवळचे उदाहरण म्हणजे सामाजिक वंचितता व समावेशक धोरण यांची अध्ययनकेंद्रे. अकराव्या पंचवार्षिक योजनेत आयोगाने ती अनेक विद्यापीठांतून काढली, आणि २०१७ साली योजनांची मुदत सरताच तेथील अध्यापकांच्या पोटावर गदा आली. विषय तोच, गत तीच. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकांची कथा तर वेगळीच लांबेल; ती पुन्हा केव्हातरी.

आमच्या वाचकांपैकी कित्येक व्यापारी गृहस्थ शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर बसतात, आणि वडिलांच्या नावे अध्यासनेही देतात. त्यांस आमची विनंती एवढीच की, जात व राज्यकारभार या विषयास देणगी द्यावयाची असेल तर ती तीन सालांच्या खर्चासाठी देऊ नये. ज्याच्या व्याजातून एका प्राध्यापकाचे पूर्ण वेतन निघेल एवढे मुद्दल द्यावे. तितके जवळ नसल्यास चार पेढ्यांनी मिळून उभे करावे. आणि देणगीपत्रातच लिहून घ्यावे की, ही जागा कायम राहील, ती भरणाऱ्यास विभागाच्या बैठकीत मताचा अधिकार असेल, आणि खुद्द संस्थेचे हजेरीपट व नेमणुकीची दप्तरे त्यास पाहावयास मोकळी असतील.